गणपतीपुढं ठेवलेलं मत

इथं अमेरिकेत, नोव्हायला, आमच्या घराला लागून एक बोस्नियाचं जोडपं राहतं. दोघंही माझ्याच वयाची, म्हणजे गुडघे दुखतात पण तोंड काही थांबत नाही अशा वयाची. बोस्निया कुठं आहे हे मला इथं येईपर्यंत माहीत नव्हतं, खोटं कशाला बोलू! सूनबाईनं फोनवर नकाशा मोठा करून दाखवला तेव्हा म्हटलं, अगंबाई, हा तर आपल्या चार-पाच जिल्ह्यांत मावेल. पण त्या एवढ्याशा देशातली निवडणूक मला आता इतकी पाठ झालीय की मुलगा म्हणतो, "आई, तुला टीव्हीवर चर्चेला बसवायला पाहिजे."

हे सगळं मी शिकले ते कॉफीवर. सकाळी मुलगा ऑफिसला गेला, की सूनबाई वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसते. मग या एवढ्या मोठ्या घरात आवाज म्हणजे फ्रिजचा. मी मागच्या दारानं निघते, गवत तुडवत शेजारी. तिथं शेजारीणबाईंनी लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यात कॉफी उकळत ठेवलेली असते. बिनकानाच्या छोट्या कपात ओततात, खाली चोथा तसाच. साखर कॉफीत घालायची नाही, तिचा खडा कॉफीत बुडवून दातानं तोडायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, सर्दीचा काढा दिला की काय. आता सवय झाली. मी जाताना डब्यात काहीतरी नेते. चकली तिला आवडते, शंकरपाळी तिच्या म्हाताऱ्याला.

ती मला "कोम्शिनित्सा" म्हणते. म्हणजे शेजारीण. मी तिला बाई म्हणते आणि त्यांना भाऊ. भाऊचा अर्थ सांगितला तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं. मला इथं बहीण नव्हती." तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकाच तोलाचं, त्यामुळे आमचं छान जमतं. मुलगा आणि सून बोलतात ते इंग्रजी आम्हा दोघींना भरभर वाटतं, पण एकमेकींचं सगळं कळतं.

तर त्यांचा देश. तिथं तीन जातीचे लोक, म्हणजे मुसलमान, सर्ब आणि क्रोएट. मागं मोठी लढाई झाली, माणसं मेली, गावंच्या गावं उठली. मग शेवटी तोडगा निघाला तो असा, की सत्तेत तिघांचाही वाटा. राष्ट्राध्यक्ष एक नाही, एकदम तीन! प्रत्येकाचा एक. आणि मुख्य खुर्चीवर बसायचं ते पाळीपाळीनं, आठ-आठ महिने.

हे ऐकल्यावर मला आमची माहेरची विहीर आठवली. तिच्यात तीन चुलत्यांचा वाटा होता. मोटार एकच, पाळी आठ-आठ दिवसांची. ज्याची पाळी त्याचं पाणी, आणि बाकीचे दोघं बांधावर उभे राहून "वेळ संपली, बंद कर" म्हणून ओरडायला मोकळे. विहीर कुणाची? सगळ्यांची. गाळ कुणी काढायचा? ते मात्र कुणी विचारायचं नाही.

हे मी बाईंना माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. ती आधी हसली, मग टेबलावर डोकं टेकून हसली, मग डोळे पुसत तिनं आतल्या खोलीत हाक मारली. "म्हाताऱ्या, इकडे ये! ही इंडियातून आपला देश घेऊन आलीय!" भाऊंनी विहिरीची गोष्ट परत एकदा सांगायला लावली. ऐकून म्हणाले, "आमच्याकडे गाळ अजून तसाच आहे. फक्त आता त्याचेही तीन वाटे केलेत."

आता या दोघांची गंमत ऐका. ती मुसलमान, ते सर्ब. लढाईच्या कितीतरी आधी लग्न केलं, तेव्हा कुणी फारसं विचारत नव्हतं. भाऊ राजधानीतले, त्यांचं नाव तिथल्या यादीत. तिचे वडील लहान गावात एकटे असायचे, म्हणून लग्नानंतरही तिनं आपलं नाव माहेरच्याच पत्त्यावर राहू दिलं होतं. लढाई संपल्यावर देशाचे दोन भाग पडले, त्यात भाऊंची राजधानी एका बाजूला गेली आणि तिचं गाव दुसऱ्या. आणि नियम असा, की राष्ट्राध्यक्षासाठी तिच्या बाजूच्या माणसानं फक्त सर्ब उमेदवाराला मत द्यायचं, आणि भाऊंच्या बाजूच्या माणसानं मुसलमान नाहीतर क्रोएट उमेदवाराला. तुम्ही स्वतः कोण आहात याच्याशी काही घेणं नाही. म्हणजे पोस्टानं कागद येतात तेव्हा मुसलमान बाईच्या हातात सगळे सर्ब, आणि सर्ब बुवांच्या हातात त्यांचं स्वतःचं कुणीच नाही!

"जन्मभर एका सर्बाशी संसार केला," ती म्हणते, "आता म्हणे यादीतून आणखी एक निवड."

"त्या वेळी यादी मोठी होती," भाऊ म्हणतात, "तरी तुला मीच सापडलो."

"यादी वाईट होती. त्यातल्या त्यात बरा घेतला."

मग या दोघांनी आपल्यापुरती एक पद्धत पाडली होती. तिच्या कागदावरच्या माणसांची माहिती भाऊंना, कारण ते त्यांचे लोक. भाऊंच्या कागदावरच्या माणसांची माहिती तिला. म्हणून तिनं कुणाला मत द्यायचं ते भाऊ सांगणार, भाऊंनी कुणाला द्यायचं ते ती. दर निवडणुकीला असंच. मला ही पद्धत फार आवडली. मी सूनबाईला सांगितलं, तर ती नागपूरची, फटकळ. म्हणाली, "आई, हे भारीच आहे. आपल्या घरी तर टीव्हीचा रिमोट द्यायचाही भरवसा नाही."

तर मागच्या निवडणुकीच्या वर्षी काय झालं ते सांगते. तिकडं मतदान ऑक्टोबरात. त्याच्या काही आठवडे आधी ती जाड पाकिटं आली. मी कॉफीलाच बसले होते. बाईंनी हात धुतले, पदर असता तर पदराला पुसले असते, पँटला पुसले, आणि सुरीनं पाकीट नीट कापलं. आत चार-चार कागद. तिच्या माहेरच्या गावाचं नाव वर छापलेलं. तिनं त्या नावावरनं बोट फिरवलं आणि मला दाखवलं. "हे माझं गाव. ही माझी लिपी. ही त्यांची लिपी. दोन्हीत एकच गाव."

मी विचारलं, "घर आहे अजून?"

"घर जळलं. जागेवर कुणीतरी मका लावतं. माझं कुणी नाही तिथं. पण चार वर्षांतनं एकदा त्या गावच्या यादीत आमच्या घरचं नाव वाचलं जातं ना, कोम्शिनित्सा, की ही बाई, या गल्लीतली, हिनं मत पाठवलंय. मी नाही पाठवलं तर आमच्या घरचं नाव कोण घेणार?"

मला ते लगेच कळलं. माझ्या बोटाला शाई लागून कितीतरी वर्षं झाली. आपल्याकडे पोस्टानं असं मागवता येत नाही, स्वतः जाऊन उभं राहावं लागतं. आणि इथं तर मी नुसती ग्रीन कार्डवाली. मी म्हटलं, "मग घाल फुली, उशीर कशाला?"

तिनं भाऊंकडे पेन सरकवलं. "सांग. कोण?"

भाऊ म्हणाले, "मी सांगणार नाही. आणि माझंही भरणार नाही. यंदा माझं सगळं कॅन्सल."

झालं असं होतं, की त्याच्या आधीच्या निवडणुकीत तिनं सांगितलं म्हणून भाऊंनी संसदेसाठी एकाला मत दिलं. तो निवडून आला. आणि वर्षाच्या आत ज्यांना शिव्या घालत होता त्यांच्याच मांडीवर जाऊन बसला, वर मेव्हण्याला वीज खात्यात चिकटवला. भाऊ दिवसभर फोनवर तिकडच्या बातम्या वाचत असतात, त्यांना ते सलत होतं. "तुझ्या सांगण्यावर फुली मारली. चोराला मारली. मी चोराचा भागीदार झालो."

"आणि तुझा? तू मला सांगितलेला? तो काय संत निघाला?"

"म्हणून तर म्हणतो, मी आता कुणाचं नाव सांगणार नाही. उद्या तोही तसा निघाला तर तू मला जन्मभर ऐकवशील."

"मी तसंही ऐकवणारच आहे!"

मग ते त्यांच्या भाषेत सुरू झाले. मला शब्द कळत नव्हता, पण नवरा-बायकोच्या भांडणाला भाषा कशाला लागते? मी डबा झाकला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी गेले तर भाऊ गॅरेजमध्ये खुर्ची टाकून एकटेच कॉफी पीत होते. बाई आत, कागद टेबलावर. पुढच्या दिवशीही तेच. मी म्हटलं, "अगं, त्यांनी नाही सांगितलं तर तुझं तू ठरव. मोठी बाई आहेस."

ती म्हणाली, "कोणाला? ही सगळी त्यांची माणसं. मी निघाले तेव्हा यांच्यातली अर्धी शाळेत असतील. माझ्या बापाच्या गावात मी आंधळी फुली मारणार नाही. मारली आणि ज्यानं आमचं घर जाळलं त्याचाच पोरगा निघाला तर?"

 मी गॅरेजमध्ये जाऊन भाऊंना म्हटलं, "सांगून टाका ना एक नाव. बिचारी खोळंबलीय."

"बहिणी, तू मध्ये पडू नकोस," ते म्हणाले, आणि शंकरपाळ्यांचा डबा मात्र माझ्या हातून काढून घेतला.

पोस्टाला वेळ लागतो, अमेरिकेतनं तिकडं जायला तर फारच. कागद मतदानाच्या दिवसाच्या आत निघाल्याचा शिक्का लागतो, नाहीतर बाद. बाई रोज कॅलेंडर बघायची, आणि भाऊ गॅरेजमध्ये काहीबाही ठोकत बसायचे. पक्ष्यांसाठी घर करतोय म्हणाले. झालं ते पत्राच्या पेटीसारखं दिसत होतं.

एवढ्यात आमचा गणपती आला. इथं आमच्याकडे दीड दिवसाचा. इंडियन स्टोअरमधनं शाडूची मूर्ती आणतो आणि बादलीत विसर्जन करतो. संध्याकाळी मुलाचे मित्र, त्यांच्या बायका, पोरं, घर भरून जातं. पण सकाळची पूजा घरातल्याघरात. मी शेजारी जाऊन दोघांना वेगवेगळं आमंत्रण दिलं. बाईंना स्वयंपाकघरात, भाऊंना गॅरेजमध्ये. दोघांनीही मला एकच विचारलं, "तो येणार आहे का?" "ती येणार आहे का?" मी दोघांनाही म्हटलं, "आमच्या देवाच्या घरी कोण येणार ते विचारायचं नसतं."

आणि बाईंना जाता जाता सांगितलं, "तो कागदही घेऊन ये. आमच्याकडे महत्त्वाचा कागद देवापुढं ठेवतात. परीक्षेचं हॉल तिकीट, पासपोर्ट, सगळं. मुलाच्या व्हिसाचं असंच केलं होतं."

"मी नमस्कार नाही करणार हं, कोम्शिनित्सा."

"नको करू. मोदक खा."

आली. छान इस्त्रीचा स्कर्ट, गळ्यात मोत्यांची माळ, हातात पाकीट. पाच मिनिटांनी भाऊ आले, कोट घालून, आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. मुलगा सुट्टी घेऊन घरी होता, तो बिचारा मध्ये बसला, इकडे बघून हसायचा आणि तिकडे बघून हसायचा.

मी पाकीट घेतलं आणि गणपतीपुढं ठेवणार, पण आमच्याकडे पद्धत अशी, की नुसतं बंद पाकीट ठेवायचं नाही. पासपोर्ट ठेवला तर फोटोचं पान उघडून ठेवायचं. देवाला दिसायला नको का, कुणाचं काम आहे ते? म्हणून मी कागद बाहेर काढले. सगळ्यांत मोठा संसदेचा, वर्तमानपत्राएवढा, तो उघडून पाटापुढं पसरला आणि बाकीचे शेजारी. मग पूजा. पंचामृताच्या वेळी मी नीट जपलं, कागदावर थेंब पडू दिला नाही. मनात म्हटलंसुद्धा, वा, किती काळजी घेतली.

पण हाताला सवय असते. गणपतीला हळद-कुंकू झालं, समईला झालं, शंखाला, घंटेला झालं, मुलाच्या लॅपटॉपला झालं, तोही तिथंच ठेवला होता. त्याच ओघात माझं बोट कुंकवाच्या करंड्यात गेलं आणि कागदावर टेकलं. मध्येच. चांगलं दाबून.

"आई!" सूनबाई ओरडली. "आई, काय करून राहिल्या! ते बॅलट आहे!"

मुलगा म्हणाला, "ओ माय गॉड."

मी बोट उचललं. लालभडक ठिपका.  गणपतीकडे बघायची लाज वाटली, बाईकडे बघायची त्याहून जास्त. ती तोंडावर हात ठेवून उभी होती. 

भाऊ मात्र ताडकन उठले. गुडघ्याचं दुखणं विसरून खाली वाकले, चष्मा कपाळावरनं नाकावर घेतला आणि कुंकू कुठं पडलंय ते बघितलं. आणि जे काही ओरडले त्यांच्या भाषेत! मला वाटलं मलाच शिव्या देतात. मग इंग्रजीत वळून म्हणाले, "याला नाही! दुसऱ्या कुणालाही चाललं असतं, तुमचा देव याला कसा देतो मत?"

बाईंनी विचारलं, "कोण आहे तो?"

"कोण आहे! तुझ्या वडिलांच्या गल्लीतली लिंडनची झाडं कुणी तोडली? सगळी ओळ! पेट्रोल पंपासाठी! आणि ते बेकरीच्या कोपऱ्यावरचं पाण्याचं कारंजं कुणी बुजवलं? हाच. आणि शाळेच्या छपराचे पैसे आले होते, छप्पर कुठं आहे? पोरं छत्री घेऊन वर्गात बसतात!"

  बाई हळूच म्हणाली, "तुला माझ्या गल्लीतलं कसं माहीत?"

भाऊ एकदम थांबले. चष्मा काढला, कोटाला पुसला. "वाचतो."

"तू तर राजधानीचं वाचतोस."

"राजधानीचं सगळेच वाचतात. तुझ्या गावचं एक छोटं पान येतं फोनवर. कोण मेलं, कुणाची गाय हरवली. रोज बघतो." मग चष्मा परत चढवत म्हणाले, "मक्याच्या शेतात यंदा त्यांनी काही लावलं नाही. नुसतं गवत आहे. फोटो आला होता."

 तिनं त्यांच्या कोटाच्या बाहीवर चिकटलेली अक्षत काढली आणि बोटात धरून राहिली. मी नाक ओढलं, तर सूनबाईनं मला कोपरानं ढोसलं. तिचेही डोळे भरलेच होते, मला कशाला ढोसते!

मग भानावर आलो. कागदाचं काय? भाऊ म्हणाले, दुसरी खूण दिसली की बाद करतात, चोळायला गेलं तर फाटेल. मुलगा खोडरबर शोधायला वर पळाला. मी म्हटलं, थांबा रे. आमच्याकडे पोथीवर कुंकू सांडलं तर आई काय करायची? मोदकांची कणीक भिजवून ठेवलीच होती. सूनबाईनं त्यात कोरडं पीठ घालून घट्ट गोळी केली. ती गोळी ठिपक्यावर टेकवायची आणि उचलायची. घासायचं नाही, नुसतं टेकवायचं आणि उचलायचं. बाईंनी स्वतःच्या हातानं केलं, मला हातच लावू दिला नाही, आणि बरोबरच होतं ते. गोळी गुलाबी होत गेली, कागद फिका होत गेला. शेवटी नुसती गालावर येते तशी लाली राहिली, आणि तीही उजेडात धरलं तरच.

"चालेल," भाऊ म्हणाले. "छापखान्याची चूक वाटेल. आमच्या छापखान्यात असं होतं."

बाईंनी पेन घेतलं. "मग सांग आता. कोण?"

भाऊंनी मुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गणपतीकडे बघितलं. मी आपलं आरतीचं ताट उचललं, डोळे मिटले आणि मुलाला आणि सुनेलाही भिंतीकडे तोंड करायला लावलं. मत गुप्त असतं, एवढं मला कळतं. पण कानाला काय करणार? भाऊ सांगत होते, "ही खाली आहे ना, ही. शाळेत गणित शिकवायची. झाडांसाठी एकटी बसली होती रस्त्यात. निवडून येणार नाही."

"येणार नाही ना? मग हीच दे. निवडून आले की बिघडतात."

कागदावर पेनाचा आवाज आला. असे सगळे कागद झाले. मग तिचा आवाज, "आता तुझे कागद आण."

"माझं कॅन्सल आहे."

"म्हाताऱ्या."

"बरं, बरं." आणि कोटाच्या आतल्या खिशातनं कागद काढल्याची खसखस. म्हणजे बघा, घेऊनच आले होते!

तिनं लगेच नाव सांगितलं नाही हं. आधी स्वतःच्या पाकिटाला चिकटपट्टी लावली, नीट, चारी बाजूंनी. भाऊ हातात पेन धरून उभे. मग सावकाश एक नाव सांगितलं. भाऊ म्हणाले, "हा? याच्या मिशा बघितल्यास का?" ती म्हणाली, "मिशांना मत नाही द्यायचं." मग परत पेनाचा आवाज. मी विचारलं, "उघडू का डोळे? ताट जड झालंय." मग एकदाची आरती केली. भाऊंनी टाळ्या वाजवल्या, बाईंनी नमस्कार केला नाही पण टाळ्यांत ताल धरला, आणि मोदक दोघांनीही भरपूर खाल्ले.

दुपारी मुलानंच त्यांना पोस्टात नेलं, मीही गाडीत बसले. काउंटरवरच्या बाईनं नेहमीचा प्रश्न विचारला, "आत नाजूक, पातळ किंवा नासणारं काही आहे का?"

भाऊ म्हणाले, "नासणारं आहे. पण चार वर्षं टिकतं."

काउंटरवरची बाई वर बघून म्हणाली, "सर?" आमच्या बाईंनी भाऊंना बाजूला ढकललं आणि म्हणाली, "कागद आहेत. फक्त कागद. लवकर पोचवा." सगळ्यांत महागडं पोस्ट घेतलं, कुठं पोचलं ते फोनवर दिसतं तसलं.

मग काय, दुसऱ्या दिवसापासून कॉफी परत टेबलावर, तिघांची. भाऊ फोन उघडून सांगायचे.

"डेट्रॉइट सोडलं."

मग, "शिकागो."

मग एक दिवस म्हणाले, "फ्रँकफर्ट." आणि दोन दिवस तेच, फ्रँकफर्ट. मी म्हटलं, "अडकलं वाटतं." तर दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागली. बाई म्हणाली, लढाईतनं निघालो तेव्हा आम्हीही आधी जर्मनीतच अडकलो होतो. कागद नव्हते, पुढं जाता येईना, एका खोलीत पाचजण. आमची मुलगी तिथंच चालायला शिकली. "आम्ही ज्या रस्त्यानं आलो त्याच रस्त्यानं ते उलटं चाललंय," ती म्हणाली. "जाऊ दे हळूहळू. रस्ता त्याला नवा आहे."

"त्याला खोली तरी एकट्याला आहे," भाऊ म्हणाले.

सूनबाईलाही नाद लागला. मीटिंग संपली की जिन्यावरनं विचारायची, "आई, मत कुठं पोचलं?" मी शेजारून आले की आधी तेच सांगायचं, मग भाजी काय करायची ते.

आणि मग एका सकाळी मी मागच्या दारानं गेले तर बाई कॉफी ओतत होती आणि भाऊ फोन दोन्ही हातांत धरून बसले होते. मला बघून म्हणाले, "बहिणी, पोचलं. राजधानीत. सही करून घेतलंय कुणीतरी."

बाईंनी भांडं खाली ठेवलं. "कुणी घेतलं? नाव आहे?"

"नाव नाही. नुसती सही आहे."

"दाखव." तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत जवळ आणला. एक वेडीवाकडी रेघ होती, बाकी काही नाही. पण ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाईची सही आहे. वळण बघ."

"तुला काय माहीत बाईची?"

"मला माहीत आहे. आता ती पाकीट उघडेल आणि गावाचं नाव वाचेल, मग गल्लीचं, मग माझ्या बापाचं आडनाव." तिनं फोन परत दिला आणि कपाटातनं चौथा कप काढला. "कोम्शिनित्सा, सुनेला हाक मार. म्हणावं लॅपटॉप पाच मिनिटं बंद कर आणि कॉफीला ये."

मी तिथूनच, मागच्या दारात उभी राहून, आमच्या वरच्या खिडकीकडे तोंड करून हाक मारली. सूनबाईनं खिडकी उघडून विचारलं, "पोचलं का हो?" मी म्हटलं, "पोचलं! ये खाली!"